कव्हर उघडण्याआधीची चिमूट

आमच्या धंद्यात काम नीट झालं तर त्याचा किस्सा होत नाही. मोटार सुरू झाली, बरोबर दिशेला फिरली, तापली नाही, मालकानं चहा पाजला, आम्ही घरी आलो. हे ऐकायला कोण बसणार? किस्सा व्हायला काहीतरी बिघडावं लागतं. म्हणून आमच्याकडचे किस्से म्हणजे बिघाडांचा ढीग! जुनी माणसं भेटली की एकजण सुरू करतो, दुसरा म्हणतो, ‘हे तर काहीच नाही,’ आणि चहा निवून जातो.

हल्ली मात्र असं झालंय, की कुठूनही सुरुवात केली तरी फिरून विशेकाका येतात. आणि मग ‘हे तर काहीच नाही’ असं कुणी म्हणत नाही.

आमचं काम कमिशनिंगचं. म्हणजे कारखान्यात नवी मोटार बसली, वायरिंग झालं, की ती पहिल्यांदा सुरू करून द्यायची आणि तेही कुणाला इजा न होता. नव्वदच्या दशकात शहापूर-मुरबाड पट्ट्यात भाताच्या खाचरांशेजारी कारखान्यांच्या शेड उठल्या, तेव्हा आम्हाला फुरसत नसे. आम्ही तिघं. कल्याणचे केळकरसाहेब, हे इंजिनीअर. शेणव्याचे विशेकाका, हे वायरमन. आणि मी सुनील, शहापूरचा, दोघांच्या मधला. काका घरची भातशेती सांभाळून यायचे, त्यामुळे लावणीच्या दिवसांत त्यांच्या नखांत चिखल आणि खिशात टेस्टर असायचा.

माझी दहाही बोटं आज जागेवर आहेत, ती काकांच्या तंबाखूच्या डबीमुळे. त्याच डबीनं काकांचं तोंड खाल्लं. आता सांगतो.

*

मुरबाडच्या एका कारखान्यात आमच्या हातात पहिला ड्राइव्ह आला. ड्राइव्ह म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा. तोवर आम्ही साधे स्टार्टर बसवलेले. या डब्याच्या कव्हरवर इंग्रजीत एक पिवळा स्टिकर होता. साहेबांनी तो मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं, “सप्लाय बंद केल्यावर थोडा वेळ थांबा, मगच उघडा.”

काकांनी मान डोलावली. मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले, कव्हर काढलं आणि स्क्रू ड्रायव्हर आत घातला.

धाडकन आवाज! निळा जाळ! स्क्रू ड्रायव्हरचं टोकच नाहीसं झालं. काका दोन पावलं मागे जाऊन भिंतीला टेकले. हात शाबूत होता, तो त्यांनी उलटसुलट करून बघितला.

मग अगदी शांतपणे म्हणाले, “साहेब, मेन बंद हाये. फ्यूज माझ्या खिशात हायेत. मंग ह्याच्या आतून कोन बोल्ला?”

साहेबांनी समजावलं, की वरचा नळ बंद केला तरी टाकीत पाणी उरतंच ना, तसा या डब्यात करंट उरतो. तो ओसरायला वेळ द्यावा लागतो. पण वेळ मोजायचा कशानं? पॅनलवर काम करताना अंगावर धातू नको म्हणून साहेबांनीच आमची घड्याळं बॅगेत ठेवायला लावलेली, आणि बॅग पार ऑफिसात!

काकांनी डबी काढली. तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळली, थापटून भुकटी उडवली, ओठाखाली बार भरला. शेडच्या बाहेर जाऊन थुंकून आले. “झाला,” म्हणाले, “आता घाला हात.” साहेबांनी मीटर लावून बघितलं. आत काही नव्हतं.

तेव्हापासून तोच आमचा नियम झाला. बंद करायचं, काकांची चिमूट होऊ द्यायची, मीटर लावायचा, मग हात घालायचा. त्याआधी काका फक्त जेवणानंतर तंबाखू खायचे. पण कमिशनिंगच्या दिवशी कव्हर उघडावं लागतं ते एकदा नाही. कुठे वायर सैल, कुठे सेटिंग चुकलेलं, कुठे मोटार उलटी फिरते. जितक्यांदा कव्हर, तितक्यांदा चिमूट. नवा डबा बघितला की काकांचा हात आधी खिशाकडे जायला लागला.

*

फ्यूज खिशात ठेवण्याचा नियम मात्र काकांचा जुनाच. आत कुणी काम करत असेल तोवर फ्यूज पॅनलवर ठेवायचे नाहीत, स्वतःच्या खिशात ठेवायचे. म्हणजे कुणी येऊन चुकून चालू करायचा प्रश्नच नाही.

एकदा काका खिशातले फ्यूज घेऊन थेट शेणव्याला गेले. पुतणीची हळद होती, घाईत विसरले. इकडे दुपारी काम संपलं, मोटार चालू करायची, तर फ्यूज नाहीत! मालकानं जीप पाठवली. ड्रायव्हर हात हलवत परत आला. म्हणाला, “म्हातारा देत नाय. खिशाला हातच लावू देत नाय.”

त्याच्या मागोमाग काका दुसऱ्या कुणाच्या तरी मोटरसायकलवरून आले. डोकं, कान, शर्ट सगळं पिवळंजर्द. मालक भडकला होता. “अहो, ड्रायव्हरच्या हातात दिले असते तर काय बिघडलं असतं?”

काका म्हणाले, “शेट, मी निघालो तवा सुन्या मशीनच्या आत बसला होता. तो बाहेर आला का नाय, ते मी बघितल्याबिगर फ्यूज कसं देनार?”

मला नावानं हाक मारून त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग फ्यूज काढले. त्यांनाही हळद लागली होती. ती पुसायला अर्धा तास गेला!

*

काकांचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. आटगावला एका खडी क्रशरवर मोटार पहिल्यांदा सुरू करायची होती. मुहूर्ताचा नारळ काकांनीच हौसेनं हातात घेतला. नारळ फाउंडेशनच्या कडेवर फोडायचा असतो. यांनी तो मोटारीच्या डोक्यावरच फोडला, आणि बाजूला वायर जोडायचा डबा उघडाच होता. सगळं पाणी आत!

साहेबांनी मोटारीचं इन्शुलेशन तपासलं, तर काटा जागचा हलेना. अशी मोटार चालू केली असती तर जळून राख झाली असती. मग आम्ही आत बल्ब लावून, वरून गोणपाट टाकून, बाळंतिणीसारखी तिला शेक देत बसलो. पाहुणे जेवून निघून गेले. मालकाचे सासरे खुर्चीत घोरायला लागले.

मालक काकांना म्हणाला, “देवाला पाणी चालतं, तुमच्या मोटारीला चालत नाय?”

काका ओशाळून म्हणाले, “देव अर्थिंगवर बसल्याला असतो, शेट.”

त्या दिवशी साहेबसुद्धा पोट धरून हसले. त्यांना तसं हसताना मी नंतर फारसं पाहिलेलं नाही.

*

तुकारामचं सांगायला मला आवडत नाही, पण ते गाळलं तर पुढचं समजणार नाही.

तुकाराम वैशाखऱ्याचा, मुरबाडच्याच त्या कारखान्यात ऑपरेटर. अंगानं दणकट, गणपतीत ढोलकी वाजवणारा. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट गेली की कारखान्यातली माणसं मशीनवर चढून साफसफाई करायची. अडकलेला माल ओढायचा, पट्टे पुसायचे. लाइट नाही म्हणजे मशीन मेलेलं, असा सगळ्यांचा हिशेब. साध्या स्टार्टरच्या काळात तो खरा होता, कारण लाइट आली तरी कुणीतरी बटण दाबल्याशिवाय मोटार फिरत नसे.

पण ड्राइव्हमध्ये एक सेटिंग असतं. लाइट आली की मोटार आपली आपण सुरू होते. आम्ही ते बंद ठेवून आलो होतो. लोडशेडिंगनंतर सारखं बटण कोण दाबणार, म्हणून मागाहून कुणीतरी ते चालू केलं. कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

लाइट गेली. तुकारामनं कन्व्हेअरच्या रोलरमध्ये अडकलेली पिशवी काढायला हात घातला. लाइट आली.

उजव्या हाताची चार बोटं गेली. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा रोलर धुऊन ठेवला होता. काका त्या रोलरसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, “लाइट गेली असं बोलूच नये रे. ती येतेय, असंच बोलावं.”

तुकारामला पुढे गेटवर वॉचमन केलं. तो डाव्या हातानं सलाम करायचा. ढोलकी त्यानं भाच्याला देऊन टाकली. तंबाखू मात्र तो त्या एका हातानंही मळायला शिकला, डबी गुडघ्यांत धरून. काका आले की दोघं गेटवर एकमेकांना चिमूट द्यायचे. त्या दिवसापासून काकांची प्रत्येक चिमूट जास्त वेळ चालायला लागली. मळतच राहायचे. आम्ही कुणी ‘बस की काका’ म्हणत नव्हतो.

*

एका दुपारी मुरबाडच्या स्टँडवर आम्ही वडापाव घेतला. काकांनी पाव तोंडापाशी नेला आणि परत खाली घेतला. मग वडा पावातून काढून कुस्करला आणि बोटांनी थोडा थोडा आत सारायला लागले.

मी म्हणालो, “काका, शटर अर्ध्यावरच अडकलं काय?”

काका हसले. हसतानाही तोंड तेवढंच उघडलं. “गंज चढलाय,” म्हणाले. “तेल टाकाया पायजे.”

मला अजून गंमतच वाटत होती. साहेबांनी हातातला वडापाव कागदात परत गुंडाळून ठेवला आणि विचारलं, “विशे, कधीपासून?”

काकांनी चहाचा कप उचलला. “सायेब, तुमचा वडा थंड होतोय.”

*

यमुनाकाकू म्हणजे काकांची बायको. काकू एकदा शेणव्याहून एसटी बदलून मुरबाडच्या साइटवरच आल्या. आम्हाला वाटलं डबा द्यायला आल्या असतील. त्यांनी काकांच्या खिशात हात घातला, तंबाखूची डबी काढली आणि कारखान्यामागच्या ओढ्यात भिरकावली! मग माझ्याकडे वळल्या.

“सुनील, डॉक्टर बोल्ला आता थांबवलं तर थांबंल. ह्ये माझं ऐकत नाय. घरी एक चिमूट खात नाय हा मानूस, सगली इथं खातो. तुमी तरी बगा ना रे!”

बोलता बोलता त्या रडायला लागल्या. काका एखाद्या शाळकरी पोरासारखे खाली मान घालून उभे होते. मला इतकी लाज वाटली, की त्याच संध्याकाळी मी शहापूरच्या बाजारातून भिंतीवरचं मोठं घड्याळ आणलं. सेकंदकाट्याचं. दुसऱ्या दिवशी ते पॅनलसमोर टांगलं आणि म्हणालो, “काका, आजपासून हे आपली चिमूट.”

काका कबूल झाले. कव्हर उघडायची वेळ आली. मेन बंद, फ्यूज खिशात. आम्ही तिघं घड्याळाकडे बघत उभे राहिलो. काटा आपला फिरतोय. माझ्या मनात पुढची वायर, पुढचा स्क्रू. आणि माझ्याच नकळत माझा हात कव्हरच्या पहिल्या स्क्रूला लागला.

काकांनी फाडकन माझ्या हातावर मारलं!

“बगितलास?” ते म्हणाले. “घड्याल डोल्यानं बगायचं. हात मोकलेच ऱ्हातात. मोकला हात ऐकतो काय कुनाचं? तंबाकू मलताना दोनी हात गुततात रे.”

साहेबांनी मण्यांची माळ सुचवली, मी सुतळीला गाठी मारायला सांगितल्या. काकांनी दोन्ही करून बघितलं. पण गेटवर तुकाराम होता, आणि त्याच्याकडे डबी होती.

*

मुंबईच्या हॉस्पिटलात कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं. जीभ आणि डाव्या बाजूचा जबडा काढायचा होता. शेणव्याहून गाडी करून निघालो तेव्हा काका वाटेत खाचरं बघत होते आणि कुणाची पेरणी मागे पडलीय ते सांगत होते. शब्द नीट येत नव्हते, पण बोलत होते. काकू पुढच्या सीटवर मागे न बघता बसल्या होत्या.

आत नेण्याआधी डॉक्टर सगळं समजावून सांगायला आले. चांगला माणूस होता. म्हणाला, “काही विचारायचं असेल तर विचारा, बाबा. नंतर बोलता येणार नाही.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, काका आता शेताबद्दल काही सांगतील, पोरीबद्दल सांगतील. काका छताकडच्या दिव्यांकडे बघत होते.

“लाइट गेली तर?” त्यांनी विचारलं.

“जनरेटर आहे ना, बाबा.”

“आपला आपन चालू होतो?”

“हो, आपोआप.”

काकांनी मान वळवून मला शोधलं आणि म्हणाले, “सुन्या, मंग कुनी हात घालून नाय ना बग.”

स्ट्रेचर आत गेलं. काकांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

*

पावसाळा संपता संपता काकूंचा फोन आला. काका घरी बसून असतात, नळीनं पेज घेतात, आणि दिवसभर एका तळहातावर दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत राहतात. “बगवत नाय रे,” काकू म्हणाल्या. “एक दिवस घेऊन जा त्यांना कामावर. नुस्तं बसू दे. पन डबी कुनी दाखवायची नाय. शप्पथ घे.”

मी शपथ घेतली. मुरबाडच्याच त्या पहिल्या कारखान्यात नव्या मिक्सरची मोटार सुरू करायची होती. काकांना घेऊन गेलो. चेहरा एका बाजूनं आत गेलेला, गळ्याभोवती मफलर, शर्ट दोन मापं मोठा. गेटवर तुकारामनं त्यांना बघितलं आणि डाव्या हातानं सलाम केला. गुडघ्यात धरलेली डबी त्यानं घाईघाईनं स्टुलाखाली लपवली. काकांनी ते बघितलं. त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे गेले.

पॅनलसमोर खुर्ची टाकून त्यांना बसवलं. साहेब काकांकडे नीट बघत नव्हते, सारखे चष्मा पुसत होते. मोटार सुरू केली, चार फेरे फिरली आणि ड्राइव्ह ट्रिप होऊन बंद पडली. एखादी वायर सैल असणार. कव्हर उघडायला लागणार होतं.

मी मेन बंद केला. फ्यूज काढले, खिशात टाकले. आणि तिथेच थांबलो. साहेबही थांबले. पुढे काय करायचं ते कुणालाच सुचेना, कारण आमच्या तिघांचं एक काम उरलं होतं आणि ते ज्याचं होतं तो खुर्चीत बसला होता. घड्याळ घ्यायला कुणी गेलं नाही.

काकांनी डावा तळहात पुढे केला. रिकामा. त्यावर चिमटीनं काहीतरी ठेवलं. नखावर चुना घेतल्यासारखं करून लावलं. आणि अंगठा फिरवायला लागले. सावकाश, पूर्वीसारखंच, मुळीच घाई नाही. कारखान्यातली चार माणसं गोळा झाली होती, ती आधी हसली. मग सगळ्यांच्या नजरा त्या अंगठ्यावर. काका मळत राहिले. मग थापटलं, एकदा, दोनदा, आणि नसलेली भुकटी फुंकायला हात तोंडाशी नेला.

फुंकर येईना. हात तिथेच राहिला. बार भरायला जबडाच नव्हता त्या बाजूला.

साहेब पाठ फिरवून उभे राहिले.

काकांनी चिमूट उचलली आणि हात माझ्यापुढे धरला. मी आयुष्यात कधी तंबाखू खाल्लेली नाही. त्यांनी मानेनं खुणावलं, ‘घे.’

मी त्यांच्या बोटांतून ती घेतली. खालचा ओठ पुढे ओढून नीट बार भरला. शेडच्या बाहेर गेलो, थुंकलो आणि परत आलो.

काकांनी मान हलवली. मग मी मीटर घेतला आणि कव्हर उघडलं.